पाठलागाचा गुन्हा

महाभारताच्या विराटपर्वात एका राजसभेचे वर्णन आहे. अज्ञातवासाच्या तेराव्या वर्षी द्रौपदी सैरंध्रीचे सोंग घेऊन विराटाच्या राणीपाशी, सुदेष्णेपाशी, राहिली होती. राणीचा भाऊ कीचक हा त्या राज्याचा सेनापती. त्याने सैरंध्रीला पाहिले आणि मागणी घातली. तिने स्पष्ट नकार दिला. नकाराने त्याचे समाधान झाले नाही. त्याने बहिणीला मध्ये घातले, आणि बहिणीने मद्य आणण्याचे निमित्त करून सैरंध्रीला त्याच्याच घरी धाडले. तेथून ती निसटली व धावत राजसभेत आली. कीचक तिच्या मागोमाग आला आणि भर सभेत, राजासमक्ष, त्याने तिला लाथ मारली. तिने राजाकडे न्याय मागितला. त्यावर विराटाने दिलेले उत्तर लक्षात ठेवण्याजोगे आहे. तुम्हा दोघांचा कलह माझ्या पाठीमागे झाला, त्याची खरी हकीकत मला ठाऊक नाही, मग मी निवाडा कसा करावा, अशा अर्थाचे ते उत्तर होते. जी लाथ राजाच्या डोळ्यांदेखत बसली तीदेखील ह्या उत्तरात ‘दोघांचा कलह’ होऊन गेली.

मराठी रसिकाला ही कथा कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकामुळे विशेष परिचित आहे. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकातील कीचकाच्या ठायी प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झन पाहिला. सरकारलाही तोच दिसला, आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. राजकीय रूपक म्हणून त्याचे मोल वादातीत आहे. तथापि रूपकाच्या तेजात मूळ गोष्ट काहीशी झाकोळून गेली, असे म्हणावयास हरकत नाही. एक स्त्री, तिचा नकार न जुमानणारा पुरुष, त्याला पाठीशी घालणारे आप्त, आणि ‘हा तुमच्या दोघांतला मामला’ म्हणून हात झटकणारी सत्ता, एवढीच ती मूळ गोष्ट होय. दिल्लीच्या अगदी अलीकडच्या इतिहासात ती पुन्हा एकदा घडली. तिचा अखेरचा अंक २३ जानेवारी १९९६ रोजी झाला. त्यानंतर बरोबर सतरा वर्षांनी, योगायोगाने २३ जानेवारी ह्याच तारखेला, ह्या अपराधाला कायद्यात स्वतंत्र नाव असावे अशी शिफारस करणारा अहवाल भारत सरकारच्या हाती पडला. तोवर त्या अपराधाला नाव नव्हते.

नाव नव्हते म्हणजे भाषेत शब्द नव्हते असे नव्हे. मराठीतच पाहावे. पाठलाग करणे, पिच्छा पुरवणे, पाळत ठेवणे, माग काढणे, असे कितीतरी शब्दप्रयोग आपल्यापाशी आहेत, आणि त्यांतील बहुतेक पारध्याच्या, पहारेकऱ्याच्या किंवा हेराच्या व्यवसायातून आलेले आहेत. इंग्रजीतील ‘स्टॉकिंग’ हा शब्दही शिकारीचाच. दबकत दबकत सावजाच्या मागे जाणे हा त्याचा जुना अर्थ. परंतु स्त्रीच्या मागे लागलेल्या पुरुषाविषयी बोलताना आपण हे शब्द बाजूस ठेवून ‘छेडछाड’, ‘छेड काढणे’ अशी हलकी भाषा वापरीत आलो. इंग्रजी वृत्तपत्रांनीही ‘ईव्ह-टीझिंग’ म्हणजे थट्टामस्करी हाच शब्द रूढ केला. शिकारीच्या शब्दात सावजाच्या जिवाला असलेला धोका दडलेला असतो, थट्टेच्या शब्दात तो नसतो. शब्दांचा हा फरक वरवरचा नाही. पुढे पोलीस ठाण्यात कोणता कागद लिहिला जातो आणि कोणता लिहिला जात नाही, हे त्यावरच ठरत गेले.

भारतीय दंड संहितेचा पहिला मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली केला, कायदा १८६० साली संमत झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. त्यात स्त्रीच्या विनयभंगासाठी कलम ३५४ होते आणि तिच्या मर्यादेचा अवमान करणारे शब्द, हावभाव किंवा तिच्या खाजगीपणावरील आक्रमण ह्यांसाठी कलम ५०९ होते. ही कलमे त्या काळाच्या मानाने वाईट नव्हती. परंतु दोहोंची नजर एका क्षणावर खिळलेली होती. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक माणसाने हात धरला की नाही, अपशब्द उच्चारला की नाही, एवढेच त्यांना विचारता येई. पाठलागाचा स्वभाव नेमका उलटा असतो. त्यातील एकेक घटना सुटी काढून पाहिली तर क्षुल्लक दिसते. रस्त्यावर उभे राहणे गुन्हा नाही, दूरध्वनी करणे गुन्हा नाही, एखाद्या मोटारीच्या मागून मोटारसायकल नेणे हाही गुन्हा नाही. ती माणसे तीच, नकार तोच, आणि तरीही पन्नास वेळा तेच, ह्या मालिकेत खरा अपराध आहे. दीडशे वर्षे आपल्या कायद्याला मणी दिसत होते. त्यांतून ओवलेला दोरा दिसत नव्हता.

दिल्लीतील ते प्रकरण ह्या दृष्टीने पाहिले पाहिजे. प्रियदर्शिनी मट्टू ही काश्मिरी पंडित कुटुंबातील मुलगी दिल्ली विद्यापीठाच्या विधी विद्याशाखेत शिकत होती. शहराच्या उत्तर टोकाला छात्र मार्गावर तिचे महाविद्यालय आणि पार दक्षिणेला वसंत कुंज ह्या वसाहतीत घर. अवघी दिल्ली ओलांडून तिला रोज ये-जा करावी लागे. त्याच विद्याशाखेत शिकलेला संतोष कुमार सिंह हा तिच्या मागे लागला. तो एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा. तिने त्याला नकार दिला होता, आणि तो नकार कोणाच्याही दृष्टीने संदिग्ध नव्हता.

ह्यापुढे तिने जे केले ते नीट पाहण्यासारखे आहे, कारण अशा प्रसंगी ‘तिने वेळीच सांगायला हवे होते’ हा शेरा आपल्याकडे फार लवकर मारला जातो. तिने वेळीच सांगितले. फेब्रुवारी १९९५ मध्ये, हा मनुष्य आपल्या मोटारीचा पाठलाग करतो व वाटेत अडवतो, अशी लेखी तक्रार तिने रामकृष्णपुरम् पोलीस ठाण्यात दिली. त्याला बोलावण्यात आले, समज देण्यात आली, आणि पुन्हा त्रास देणार नाही असे त्याच्याकडून लिहून घेण्यात आले. त्रास थांबला नाही. तिने पुन्हा तक्रारी केल्या. पुन्हा समज, पुन्हा लेखी हमी. विद्याशाखेच्या अधिष्ठात्यांकडेही तिने दाद मागितली. वर्षाच्या अखेरीकडे वसंत कुंज ठाण्यात रीतसर गुन्हा नोंदला गेला, त्याला अटक होऊन सुटकाही झाली. तिच्या संरक्षणासाठी एक पोलीस शिपाई नेमण्यात आला. तेव्हा त्याने आणखी एक मार्ग धरला. ती एकाच वेळी दोन अभ्यासक्रम शिकत आहे, अशी उलट तक्रार त्याने विद्यापीठाकडे केली, आणि तिचा परीक्षेचा निकाल अडकून पडला. जिच्याविरुद्ध आपण तक्रार करतो तिलाच आरोपीच्या जागी उभे करावयाचे, ही पाठलाग करणाऱ्याची जुनी युक्ती आहे. आणि कार्यालये तिला सहज बळी पडतात, कारण कार्यालयाला अर्ज दिसतो, अर्जामागचा हेतू दिसत नाही.

त्या लेखी हमीविषयी दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत. हमीपत्र हा आपल्या प्रशासनाचा मोठा आवडता कागद. तो घेतला की प्रकरण मिटल्यासारखे वाटते, दोन्हीकडच्या मंडळींचा मान राहतो, न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. पहिल्या वेळेस तो घेण्यात काही गैर आहे असेही नाही. परंतु पहिले हमीपत्र मोडले गेले की त्याचा अर्थ बदलतो. मग तो तडजोडीचा कागद उरत नाही. कायद्याच्या माणसांसमोर दिलेला शब्दही हा मनुष्य पाळीत नाही, ह्याचा तो पुरावा होतो. शांतता राखण्यासाठी जातमुचलका व जामीन घेण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ मध्ये तेव्हाही होती, आणि दिल्लीत १९७८ पासून पोलीस आयुक्तालयाची पद्धत असल्यामुळे तो अधिकार पोलीस अधिकाऱ्यांच्याच हाती होता. पण तो अधिकार वापरण्यासाठी ह्या सुट्या कागदांकडे एक मालिका म्हणून पाहावे लागले असते. एक तक्रार एका ठाण्यात, दुसरी दुसऱ्या ठाण्यात, तिसरी विद्यापीठात. प्रत्येक ठिकाणी प्रकरण नव्याने सुरू होई आणि नव्याने मिटे.

२३ जानेवारी १९९६ रोजी सायंकाळी संरक्षक शिपाई घरी पोहोचला तेव्हा दार उघडले गेले नाही. मागच्या बाजूने आत गेल्यावर तिचा मृतदेह सापडला. तिच्यावर बलात्कार करून तिला ठार मारण्यात आले होते. त्यावेळी ती पंचवीस वर्षांची होती. त्याआधी थोडाच वेळ, हातात शिरस्त्राण घेतलेला संतोष सिंह दाराशी उभा असल्याचे एका शेजाऱ्याने पाहिले होते.

दोनच दिवसांत तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. खटला चालला, आणि ३ डिसेंबर १९९९ रोजी सत्र न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडले. निकालपत्रात न्यायाधीशांनी म्हटले ते भारतीय न्यायाच्या इतिहासात चमत्कारिक म्हणून नोंदले गेले आहे. हाच मनुष्य अपराधी आहे हे आपल्याला कळते, तरी पुराव्यातील दोषांमुळे संशयाचा फायदा देऊन त्याला सोडावे लागत आहे, असा त्याचा आशय होता. तपासयंत्रणेने वरिष्ठ न्यायालयात दाद मागितली, परंतु ते अपील सहा वर्षे पडून राहिले. तोवर आरोपी ह्याच नगरीत वकिली करू लागला होता, त्याचे लग्नही झाले होते. २००६ च्या फेब्रुवारीत दिल्लीतील दुसऱ्या एका गाजलेल्या खून खटल्यात, जेसिका लाल प्रकरणात, सर्व आरोपी सुटले आणि राजधानीत लोकक्षोभ उसळला. त्या लाटेत मट्टू कुटुंबाच्या मागणीला पुन्हा आवाज मिळाला. दिल्ली उच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २००६ रोजी संतोष सिंहला दोषी ठरवले व त्याच महिन्यात फाशीची शिक्षा दिली. ६ ऑक्टोबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम केली. शिक्षा मात्र जन्मठेपेवर आणली.

हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राचे शास्त्रज्ञ डॉ. लालजी सिंह ह्यांच्या डी. एन. ए. चाचणीची ह्या संदर्भात नेहमी चर्चा होते, आणि ती योग्यच आहे; सत्र न्यायालयाने बाजूस सारलेला तो पुरावा उच्च न्यायालयाने ग्राह्य धरला. पण त्या चाचणीइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची ठरली. हा खटला परिस्थितिजन्य पुराव्याचा होता, आणि अशा खटल्यात हेतूला फार मोल असते. तो हेतू सिद्ध झाला तो १९९५ सालच्या कागदांवरून. प्रियदर्शिनीने वेळोवेळी दिलेल्या तक्रारी, त्याने लिहून दिलेल्या हमी, विद्यापीठाला केलेली त्याची खोडसाळ तक्रार, हे सारे अखेर एका ठिकाणी आले आणि क्रमाने वाचले गेले. चार कचेऱ्यांत विखुरलेले कागद प्रथमच एका मालिकेसारखे दिसले. ती मालिका ती जिवंत असताना कोणी वाचली असती तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

ह्या अवधीत इतर देशांत काय चालले होते? १९८९ च्या जुलै महिन्यात लॉस एंजेलिस येथे रिबेका शेफर ह्या तरुण अभिनेत्रीचा, दीर्घकाळ तिच्या मागे असलेल्या एका चाहत्याने तिच्या दाराशी खून केला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा केला, आणि पाहता पाहता अमेरिकेतील इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. ब्रिटनमध्ये छळापासून संरक्षण देणारा कायदा १९९७ साली आला. म्हणजे दिल्लीतील ती विद्यार्थिनी एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात जात होती तेव्हा, जगात हा विचार नवा असला तरी अपरिचित नव्हता.

आणि आपल्या देशात इशारे कमी झाले नव्हते. मार्च १९९० मध्ये उल्हासनगर येथे दहावीच्या परीक्षेच्या केंद्रात शिरून, नकार देणाऱ्या एका मुलीला तिच्या मागे लागलेल्या तरुणाने जाळले. महाराष्ट्रातील जुन्या पिढीला त्या बातमीचा विसर पडलेला नाही. १९९८ साली चेन्नईत एका विद्यार्थिनीचा छेडछाडीत मृत्यू झाला व तमिळनाडूने त्याविरुद्ध कायदा केला. पण त्याच्या मूळ नावातही ‘ईव्ह-टीझिंग’ हाच शब्द होता. दिल्लीत ८ मार्च २०११ रोजी, म्हणजे महिलादिनीच, धौला कुआँ येथील पादचारी पुलावर एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीला दिवसाढवळ्या गोळी घालण्यात आली. मारणारा तिच्या मागे असलेलाच निघाला. प्रत्येक वेळी वृत्तपत्रांनी ‘एकतर्फी प्रेम’ असे मथळे दिले. हा शब्दप्रयोग मराठीत आजही चालतो. ज्यात एका बाजूस भीतीशिवाय काही नाही त्याला प्रेम म्हणावयाचे, ही आपल्या भाषेची मोठी अनुदारता आहे.

१६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर देश हलला. आठवड्याच्या आत सरकारने माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाच्या माजी मुख्य न्यायाधीश लीला सेठ आणि ज्येष्ठ विधिज्ञ गोपाल सुब्रमण्यम् ह्यांची समिती नेमली. सुमारे ८०,००० सूचना तिच्याकडे आल्या आणि एकोणतीस दिवसांत, २३ जानेवारी २०१३ रोजी, तिने अहवाल सादर केला. आपल्याकडील समित्यांचा वेग ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्या आकड्याचे अप्रूप वाटल्यावाचून राहणार नाही. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा असावा, ही शिफारस त्यात होती. ३ फेब्रुवारीला वटहुकूम निघाला आणि एप्रिलच्या आरंभी कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली.

मधल्या दोन महिन्यांत जे घडले तेही इतिहासाचाच भाग आहे. सरकारच्या विधेयकात हा गुन्हा अजामीनपात्र होता. सर्वपक्षीय विचारविनिमयात त्याला विरोध झाला, निरपराध तरुण अडकतील अशी भीती व्यक्त झाली, आणि पहिल्या वेळेस तो जामीनपात्र ठेवण्याचे ठरले. लोकसभेतील चर्चेत एका ज्येष्ठ सदस्याने, आपल्यापैकी तरुणपणी कोण मुलींच्या मागे गेले नाही, असा प्रश्न केला आणि सभागृहात हशा पिकला. विराटाच्या सभेत निदान कोणी हसले नव्हते.

तरीही शब्द कायद्यात आला, ही गोष्ट लहान नव्हे. दंड संहितेत कलम ३५४-घ म्हणून त्याचा प्रवेश झाला, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम ७८ झाले आहे. त्याची व्याख्या श्रोत्यांनी नीट ऐकावी. स्त्रीने आपली अनिच्छा स्पष्टपणे दर्शवूनही जो पुरुष तिच्याशी वैयक्तिक संबंध जोडण्यासाठी वारंवार तिच्या मागे जातो, तिच्याशी संपर्क साधतो किंवा साधू पाहतो. अथवा जो तिच्या इंटरनेटच्या, ई-मेलच्या वा अन्य विद्युत्-संदेशांच्या वापरावर पाळत ठेवतो, तो ह्या गुन्ह्यास पात्र होतो. पहिल्या अपराधाला तीन वर्षांपर्यंत व दंड, दुसऱ्याला पाच वर्षांपर्यंत, आणि दुसऱ्या वेळेस जामीन हा हक्क राहत नाही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी नोंद करून घेण्यास न्यायालयाच्या आज्ञेची वाट पाहावयाची नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या आकडेवारीत २०१४ साली अशी ४,६९९ प्रकरणे होती. २०१८ साली ती ९,४३८ झाली. एवढ्यावरून गुन्हे वाढले असे म्हणता येत नाही; शब्द मिळाल्यावर तक्रारी वाढल्या, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो.

व्याख्येतील दोन पदांवर सारे प्रकरण तोलले जाते. ‘स्पष्ट अनिच्छा’ आणि ‘वारंवार’. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, एकदाच मागे गेल्याने हा गुन्हा सिद्ध होत नाही, पुनरावृत्ती दाखवावी लागते, असे स्पष्ट केले. ह्यावरून पीडितेच्या सुरक्षिततेचा मार्गही बराचसा दिसू शकतो. नकार एकदा द्यावा, निःसंदिग्ध शब्दांत द्यावा, शक्य तर लेखी द्यावा. ‘सध्या अभ्यास आहे’, ‘घरचे रागावतील’ अशी सौम्य कारणे आपल्या मुलींना शिकवलेली असतात. ज्याला आशाच धरावयाची आहे त्याला त्या कारणांत आशा सापडते. एकदा नकार दिल्यावर पुन्हा उत्तर देऊ नये, रागाचेही देऊ नये, कारण तिसाव्या निरोपाला मिळालेले उत्तर त्याला एवढेच शिकवते की तीस निरोप धाडावे लागतात. ‘शेवटचे एकदा भेट’ ह्या विनंतीला तर मुळीच मान देऊ नये.

मग नोंद. तारीख, वेळ, ठिकाण, वाहनाचा क्रमांक, कोणी पाहिले, हे त्याच दिवशी वहीत लिहावे. आलेले निरोप, चिठ्ठ्या, भेटवस्तू किळस आली तरी नष्ट करू नयेत. दूरध्वनीचा क्रमांक बदलावयाचा झाला तरी जुना एखाद्या विश्वासू माणसाकडे चालू ठेवणे इष्ट. त्रास देणारा त्यावर स्वतःच्या हाताने पुरावा जमवीत राहतो. परवलीचे शब्द बदलावेत, आणि आपला ठावठिकाणा दाखवणारी सोय भ्रमणध्वनीत चालू आहे काय हे जाणत्याकडून तपासून घ्यावे. घरच्यांना, शेजाऱ्यांना, कचेरीतील वरिष्ठांना, सोसायटीच्या पहारेकऱ्याला त्या माणसाविषयी सांगून ठेवावे. लपवण्याने पाठलाग करणाऱ्याचेच काम सोपे होते. प्रत्यक्ष धोका दिसताच ११२ ह्या क्रमांकावर पोलिसांना बोलवावे; सल्ल्यासाठी व आधारासाठी स्त्रियांकरिता १८१ हा क्रमांक आहे. विधि सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, वकिलाचे साहाय्य मोफत मिळू शकते. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते.

ह्यात एक सावधगिरीचा इशारा दिला पाहिजे. वाट बदल, वर्ग सोड, नोकरी सोड, हा उपदेश घरोघर होतो, आणि काही वेळा तो जीवही वाचवतो. पण त्याचा सारा खर्च जिचा अपराध नाही तिच्या माथी पडतो, हे उपदेश करणाऱ्याने विसरू नये. शिवाय घरच्यांची तडजोड हे संरक्षण नव्हे. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्लीच्या बुराडी भागात एका तरुण शिक्षिकेला भर रस्त्यात भोसकण्यात आले, तेव्हा मारेकऱ्याविरुद्ध काही महिन्यांपूर्वीच तक्रार झाली होती आणि ती दोन्ही घरांनी आपसांत मिटवली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे एका अध्यापिकेला ती कामावर जात असता जाळण्यात आले, तेथेही मारणारा अनोळखी नव्हता. नकारानंतरचा, लग्न ठरल्यानंतरचा, तक्रार झाल्यानंतरचा काळ हा सर्वांत जोखमीचा असतो. नेमक्या त्याच काळात घरचे लोक ‘आता मिटले’ म्हणून निर्धास्त होतात.

दिल्लीचा प्रश्न आणखी एका कारणाने अवघड आहे. १९८५ च्या कायद्याने आखलेला राष्ट्रीय राजधानी प्रदेश दिल्ली आणि तीन राज्यांत पसरलेला आहे. नोएडात राहणारी, गुरुग्रामला कामावर जाणारी स्त्री रोज उत्तर प्रदेश, दिल्ली आणि हरियाणा अशा तीन पोलीस दलांच्या हद्दी ओलांडते, आणि तिचा पाठलाग करणाराही. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे वाक्य येथे जितक्या वेळा उच्चारले गेले असेल तितके अन्यत्र क्वचितच. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने आता ती पळवाट बंद केली आहे. गुन्हा कोठेही घडो, कोणत्याही ठाण्यात त्याची खबर देता येते; विद्युत्-संदेशानेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. नोंदीची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. पाठलागाची फिर्याद स्त्री अधिकाऱ्याने लिहून घ्यावी, असाही नियम आहे. ठाण्याने नकार दिला तर तीच फिर्याद टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, दिल्लीत उपायुक्तांकडे, पाठवावी. तेथेही दाद न लागली तर दंडाधिकाऱ्यांकडे जावे. दखलपात्र गुन्ह्याची नोंद करणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितले आहे.

परंतु २०१३ च्या दुरुस्तीत आणखी एक तरतूद होती. स्त्रियांवरील ठरावीक गुन्ह्यांची फिर्याद जो पोलीस अधिकारी नोंदवून घेणार नाही त्याला स्वतःलाच कारावास व्हावा, असे कलम १६६-क त्या वेळी दंड संहितेत घालण्यात आले. कोणकोणत्या गुन्ह्यांसाठी, ह्याची यादी त्या कलमातच आहे. तीत विनयभंग आहे, बलात्कार आहे, आम्लहल्ला आहे, जुने ५०९ देखील आहे. पाठलागाचे कलम त्या यादीत घातले गेले नाही. अकरा वर्षांनी संहिता बदलली, सर्व कलमांचे क्रमांक बदलले, ही तरतूद कलम १९९ म्हणून नव्याने लिहिली गेली. त्या यादीतही ७८ हा आकडा नाही.